रहमतली काकांचे जोडे

एर्झुरुम, ९ नोव्हेंबर १९९६

प्रिय गुलिझारताई,

सलाम. मी इब्तिहाल, दूर वाळवंटातल्या ओमदुरमानहून इथल्या विद्यापीठात शिकायला आलेली, तुमच्या आईची भाडेकरू. तुम्ही जर्मनीत बसून मला ही खोली मिळवून दिलीत आणि एकच अट घातलीत: आईची खबर तुर्की भाषेत लिहून कळवायची, आणि चुका तुम्ही लाल शाईनं दाखवणार. घ्या, शाईची बाटली उघडा.

आधी खबर. हाजेर मावशी खुशाल आहेत. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "उन्हात भाजलेली पोर तू, थंडी आधी तुलाच धरणार!" तेव्हापासून मला दोन लोकरी बनियनं घालावी लागतात आणि पायरीवर टेकायची सोय नाही. गार दगडावर बसलेल्या मुलीला मूल होत नाही, असं गल्लीतल्या प्रत्येक बाईनं मला वेगवेगळं येऊन सांगितलं आहे. साखरेचा खडा गालात धरून चहा प्यायला शिकले. पहिल्यांदा तो तसाच गिळला, तेव्हा मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

तुमच्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक ठरलेलं वाक्य आहे, आणि माझी वाक्यं नेहमी भलत्याच दारात जातात. शेजारच्या पेरिहान बाई हमामातून न्हाऊन आल्या, त्यांना मी म्हटलं, "आलं ते सरून जावो." हे आजारी माणसाला म्हणायचं असतं, हे मला नंतर कळलं. बाई दिवसभर आरशात तोंड बघत होत्या.

पण मला खरं रडवलं आहे ते तुमच्या क्रियापदानं. डोळ्यांनी पाहिलं तर 'आला', नुसतं कानावर आलं तर 'आला म्हणे', आणि ते 'म्हणे' क्रियापदाला असं चिकटलेलं की सोडवता येत नाही. आमच्या वर्गातल्या बाई म्हणतात, या देशात चहाडीसुद्धा व्याकरण सांभाळून करावी लागते. आता मी फार जपून लिहिते. जे पाहिलं तेवढंच साधं लिहिते.

तुमचे बाबा, रहमतली काका, फार सज्जन माणूस. नाव तर किती गोड! पेरिहान बाई सारखं म्हणत असतात, "रहमतलीला हा हलवा फार आवडायचा", "रहमतलीनं हे झाड लावलं". ते माझ्याकडे कधी बघत नाहीत. घरात परकी मुलगी आहे म्हणून खिडकीकडे तोंड करून बसतात. माझे आजोबाही असेच होते, त्यामुळे मला अवघडल्यासारखं वाटत नाही. काल ते संध्याकाळी खिडकीपाशी बसले, चहा घेतला, दोनदा खोकले. मावशीच एकट्या बोलत होत्या.

एक सांगायचं राहिलं. मी आले त्या दिवशी काकांचे जोडे दाराबाहेर होते, डाव्या जोड्याला जाड टाच लावलेली. पाऊस पडत होता. आमच्याकडे बाहेर राहिलेल्या जोड्यांत विंचू शिरतात, म्हणून मी ते झटकून आत आणून ठेवले. मावशी कितीतरी वेळ जोड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझं कपाळ चुंबलं. तेव्हापासून मी लाडकी आहे.

तुमची,
इब्तिहाल


ड्युइसबर्ग, २१ नोव्हेंबर

इब्तिहाल, गुणी मुली,

तुझं पत्र तपासून सोबत पाठवते आहे. लाल रंग बघून घाबरू नकोस. माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं याहून जास्त रक्त काढायची. पेरिहान बाईंचा आरसा वाचून मी इतकी हसले की एल्वान जागी झाली. एल्वान म्हणजे माझी मुलगी, सप्टेंबरची. तुला आईनं सांगितलंच असेल.

आता कान पुढे कर. रहमतली हे नाव नव्हे, वेडे! माझ्या वडिलांचं नाव शेवकेत. रहमतली म्हणजे देवाच्या दयेत गेलेला. आम्ही मेलेल्या माणसाचं नाव तसंच उघडं घेत नाही, आधी हे लावतो, नाहीतर नुसतं हेच म्हणतो. तुला कुणी सांगितलं नाही याचं नवल वाटतं. बाबा सप्टेंबरमध्ये गेले म्हणे.

हे 'म्हणे' माझं आहे, ते खोडू नकोस. माझे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. मुलीला बाप गेल्याचं टेलिफोनवर कळलं. कफन पाहिलं नाही, माती पाहिली नाही. माझ्या भाषेला विचारलं तर बाबा अजून 'गेले' झालेलेच नाहीत. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल. मला तर अजून व्याकरणच सुटत नाही.

म्हणून तुझी सगळ्यात मोठी चूक तीच. "काका खिडकीपाशी बसले, चहा घेतला, खोकले" असं तू लिहिलंस. आई तुला जुन्या गोष्टी सांगत असणार आणि तू त्या उतरवल्यास. तिथे 'बसायचे म्हणे', 'घ्यायचे म्हणे' हवं. तीन ठिकाणी दुरुस्त केलं आहे. शंभर वेळा लिहून काढ.

आईला सांग, उन्हाळा लागला की तिला इकडे घेऊन येणार आहे. ती नाही म्हणेल. म्हणू दे.

तुझी ताई,
गुलिझार


एर्झुरुम, २ डिसेंबर

गुलिझारताई,

तुमचं पत्र मी विद्यापीठाच्या चहाच्या टपरीवर उघडलं. बरं झालं घरी उघडलं नाही.

शंभर वेळा लिहायला बसले. पहिल्या ओळीला हात थांबला. ताई, ती चूक नाही. मावशींनी मला काही सांगितलं नाही. मी पाहिलं.

मला आधी वाटलं, घरात दुसरं कुणी नातलग असेल आणि मी नावांचा घोळ घातला असेल. पेरिहान बाईंकडे गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या. "शेवकेत आगांना आम्ही पुरलं," त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं खांदा दिला." 'पुरलं' म्हणाल्या, 'म्हणे' नाही. मग हळूच विचारलं, "का गं? तू आत काय बघतेस?" मी सांगितल्यावर त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. तेव्हापासून त्या आमच्या घरात आल्या नाहीत.

म्हणजे त्यांचंही व्याकरण बरोबर आणि माझंही बरोबर. मग चूक कुणाची?

मी सगळं नीट सांगते. मी आल्यानंतर दुसऱ्या संध्याकाळी ते आले. आत येताना एक पाय हलका वाजतो, एक जड. मोज्यांवर चालतात, मोजे ओले असतात, पण फरशीवर डाग राहत नाही. मावशी तीन पेले ओततात. तिसरा पेला कमी होत नाही, पण घोटभर वेळात असा गार पडतो की काचेला हात लावला तर बोट चिकटतं. मला ते सगळं चमत्कारिक वाटायला हवं होतं. पण ताई, मला इथलं सगळंच चमत्कारिक वाटतं! बर्फ पहिल्यांदा बघणाऱ्या माणसानं कोणती गोष्ट साधी आणि कोणती भीतीची, हे कसं ओळखायचं?

आता भीती वाटते. वसतिगृह भरलेलं आहे, नाहीतर गेले असते. आणि खरं सांगू, मावशींना एकटं टाकून जाववतही नाही. त्या हल्ली जेवत नाहीत. हात इतके गार असतात की मी माझ्या काखेत धरून ऊब देते. खोली तापवायची चूल पेटवू देत नाहीत. मी विचारलं, "मावशी, का?" तर म्हणाल्या, "त्याला धग सोसत नाही गं." काल खुशीत होत्या. म्हणाल्या, "बर्फ वितळला की आम्ही दोघं जाणार. वाटा खुल्या व्हायच्या आहेत म्हणून थांबलाय तो."

तुम्ही शिकलेल्या आहात. काय करू सांगा.

इब्तिहाल


ड्युइसबर्ग, १३ डिसेंबर

इब्तिहाल,

तुझं हे पत्र मी लाल शाईनं तपासलेलं नाही. फाडून टाकणार होते.

तुला लाज वाटत नाही? ज्या घरचं मीठ खातेस त्या घरच्या मेलेल्या माणसाच्या गोष्टी रचतेस? थंडी तुझ्या डोक्यात गेली आहे. नसेल तर आई भ्रमात आहे आणि तू तिच्या हो ला हो मिळवते आहेस. माझ्या वडिलांना मी ओळखते. साधा घोड्यांचे नाल ठोकणारा माणूस. जन्मात कधी कुणाला त्रास दिला नाही, मेल्यावर देणार होता?

(इथवर काल लिहिलं. आज पुढे.)

तू लिहिलंस, दोनदा खोकले. चहाचा पहिला घोट घेतला की बाबा दोनदाच खोकायचे. मी लहान असताना त्यांची नक्कल करून मार खाल्ला आहे. हे तुला आई सांगणार नाही, तिच्या लक्षातही नसेल. रात्रभर मी तुझी तीनही वाक्यं मनात घोळवली. मीच खोडली होती ती, आता मीच घोकते आहे.

इब्तिहाल, तू जोडे आत आणलेस.

तुला कुणी सांगितलं नाही, तुझा दोष नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याचे जोडे उंबऱ्याबाहेर ठेवतात, टोकं रस्त्याकडे करून. कुणी गरीब ते घालून निघून जातो आणि जोड्यांबरोबर माणूसही वाटेला लागतो. बाबांचे जोडे कुणी नेले नसणार. एक टाच जाड, ते कुणाच्या पायात बसणार? तेवढे दिवस ते दारात थांबले असतील. मग तू ते आत आणलेस. घरच्या लेकीसारखे झटकून आणलेस. त्यांना वाटलं असेल, बोलावणं आलं.

आई त्यांच्याबरोबर जाणार म्हणते. नाही. तसं मी होऊ देणार नाही. बापाचं शेवटचं तोंड मी पाहिलं नाही, आईचंही मला टेलिफोनवर कळायला नको. गाजावाजा न करता ते जोडे दे कुणाला तरी. चौकातल्या मोच्याकडे जा, तो बाबांचा मित्र होता, टाच कापून दोन्ही सारखे करून दे म्हणावं. मग ते कुणाच्याही पायात बसतील. आईला विचारू नकोस, ती देऊ द्यायची नाही.

पण त्याआधी एक काम कर. मी हात जोडून सांगते. ते बसलेले असतील तेव्हा त्यांना माझा निरोप दे. म्हण, गुलिझारला येता आलं नाही. म्हण, तुमची नात झाली, तुमच्यासारख्याच भुवया आहेत. म्हण, ती रोज रडते. एवढंच सांग, मग जोडे दे.

ते मला विचारतात का गं? माझं नाव एकदा तरी घेतलं का?

गुलिझार


एर्झुरुम, ८ जानेवारी १९९७

गुलिझारताई,

आधी हेच लिहिते, म्हणजे तुम्ही श्वास घ्याल: मावशी जिवंत आहेत, बऱ्या आहेत, आत्ता स्वयंपाकघरात माझ्या मसुराच्या आमटीला नावं ठेवत आहेत.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मावशी तापानं पडून होत्या. ते आले. हलका पाय, जड पाय. खिडकीपाशी बसले. माझे दात वाजत होते, पण मी उंबऱ्यात उभी राहिले आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं, जिथपासून निरोप आहे तिथपासून. येता आलं नाही. नात झाली. भुवया. रोज रडते.

ताई, त्यांनी मान वळवली. पहिल्यांदाच. चेहरा भीतीदायक नव्हता, हे तुम्हाला सांगायलाच हवं. दमलेला होता, लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा. ते म्हणाले, "कुठं असते ती?"

वडीलधाऱ्या माणसानं विचारलं तर उत्तर द्यायचं, हे मला माझ्या घरीही शिकवलं आहे आणि तुमच्याकडेही. पाकीट हातात होतं. मी मागचा पत्ता वाचून दाखवला. शहर, गल्ली, दुसरा मजला. त्यांनी नीट ऐकला. गल्लीचं नाव अवघड आहे, ते त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "देव तुझं भलं करो, लेकी," आणि खिडकीकडे वळले.

मी जोडे ओढणीत गुंडाळून तशीच निघाले. मोच्यानं जोडे ओळखले. टाच कापली, दोन्ही जोडे शेजारी ठेवून सारखे झाले का पाहिलं, आणि दारातल्या हमालाला हाक मारली. त्या माणसाच्या पायात फाटक्या रबरी चपला होत्या. तो जोडे घालून बर्फातून चालत गेला. दोन्ही पाय सारखे वाजत होते. कोपरा वळेपर्यंत मी बघत उभी होते.

घरी आले तर खिडकीजवळ कुणी नव्हतं. मी चूल पेटवली आणि ती धगली. मावशी उठल्या, दाराशी गेल्या, जोड्यांची रिकामी जागा पाहिली. मला वाटलं आता शिव्या खाणार. त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. पेरिहान बाई धावत आल्या, उंबरा ओलांडून सरळ आत. त्या मला म्हणाल्या, मातीच्या दिवशी ही एक थेंब रडली नव्हती. मावशी रडताना एवढंच म्हणत होत्या, "शेवकेत गेला. गेला माझा शेवकेत."

आता त्या जेवतात. तुमच्याकडे यायचं म्हणतात, पण विमानात खिडकीपाशी बसणार नाहीत. मी परीक्षेत पास झाले. क्रियापदाचा प्रश्न पूर्ण बरोबर.

तुमचं ओझं हलकं झालं असेल, अशी आशा करते.

तुमची,
इब्तिहाल


ड्युइसबर्ग, २ फेब्रुवारी

इब्तिहाल, माझ्या बहिणी,

आईला वाचवलंस. तुझ्या हातापायांना आरोग्य लाभो. माझी कातडी काढून तुझे जोडे केले तरी हे फिटायचं नाही.

तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती. मी तीन वेळा तपासलं. आता मी लिहिते ते तू तपास.

बाबा आले.

आठवडा झाला. माझा नवरा फेर्हात कामाच्या पाळीवर गेला होता, मी एल्वानला पाजत होते. जिन्यावर आवाज आला. हलका पाय, जड पाय. आमच्या जिन्यात लाकडी पायऱ्या आहेत, फार वाजतात. मी दार वाजण्याची वाट पाहिली नाही. उघडलं. पायात मोजेच होते, गुडघ्यापर्यंत ओले, टाचा फाटलेल्या. एर्झुरुमपासून इथपर्यंत माझा बाप मोज्यांवर चालत आला, कारण मी त्याचे जोडे देऊन टाकायला सांगितले होते. ते रागावले नाहीत. "गल्लीचं नाव अवघड आहे गं," म्हणाले, "पण त्या पोरीनं नीट सांगितलं होतं."

मी त्यांचे पाय पुसले. पुसले, इब्तिहाल. माझ्या या हातांनी. गार होते, नदीतल्या दगडाइतके गार, आणि मला त्यांची प्रत्येक शीर ओळखीची होती. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी रडले की शेजारणीनं भिंत ठोकली. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. मग चहा घेतला आणि दोनदा खोकले.

ते खिडकीपाशी बसतात. एल्वान त्यांच्याकडे बघते आणि रडायची थांबते. फेर्हातला ते दिसत नाहीत. तो कुरकुरतो, घरमालक लबाड आहे, हीटर बंद ठेवतो. काल मी स्वतःच हीटर बंद केला. बाबांना धग सोसत नाही.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. आईचं काय झालं होतं ते तूच तर मला लिहून कळवलंस. मी आंधळी नाही. एल्वान कालपासून दूध अर्धवट टाकते. तिचे हात गार असतात, मी ते काखेत धरते, तुझ्याकडूनच शिकले. बाबा आज तिला जोजवत म्हणाले, "बर्फ वितळला की ही माझ्याबरोबर येणार." मी म्हटलं, "बाबा, तसं म्हणू नका." ते हसले.

जोडे आणून दाराबाहेर ठेवायचे, टोकं रस्त्याकडे. एवढंच करायचं आहे, हे मलाही कळतं. स्वतःला मी सांगत असते की डाव्या पायाला जाड टाच असलेले जोडे या देशात मिळत नाहीत. ते खोटं आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारा मोची आहे, कसलीही टाच बनवून देतो. माप माझ्याकडे आहे. ओल्या मोज्यांचं माप मी पहिल्याच रात्री दोऱ्यानं घेतलं.

दोरा माझ्या खिशात आहे. मी रोज कोपऱ्यापर्यंत जाते आणि पाव घेऊन परत येते.

गुलिझार